पुलावरची तक्रार

२४ नोव्हेंबर २०१३, रविवारची रात्र. डेन्मार्क आणि स्वीडन या शेजारी देशांतल्या सार्वजनिक वाहिन्यांवर एकाच मालिकेचा शेवटचा भाग सुरू होता. डॅनिशमध्ये तिचं नाव ‘ब्रोएन’, स्वीडिशमध्ये ‘ब्रून’. दोन्हींचा अर्थ पूल. दुसऱ्या पर्वाचा हा दहावा भाग. दहा रविवार चाललेल्या तपासाची गाठ सुटली होती, आता पडद्यावर नावं सरकू लागणार असं वाटत होतं. पण सागा नूरेन ही माल्मोची पोलीस अधिकारी आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध तक्रार करते. त्याचं नाव मार्टिन रोदे. कोपनहेगनचा पोलीस, आणि सागाला आयुष्यात मिळालेला पहिला खरा मित्र. तिच्या सांगण्यावरून डॅनिश पोलीस मार्टिनला ताब्यात घेतात आणि पर्व संपतं.

हा भाग मी साताऱ्याला ताईकडे पाहिला, मूळ प्रक्षेपणानंतर बऱ्याच वर्षांनी. भाच्यानं लंडनहून चारही पर्वांच्या डीव्हीडींचा संच आणला होता. दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री जेवणं उरकली की आम्ही बसायचो. ताईसाठी सबटायटलं मी मोठ्यानं मराठीतून सांगायची. त्या रात्री भाग संपला तशी ताई उठली, खोलीतला दिवा लावला आणि म्हणाली, “मित्राला असं कोणी देतं का गं पोलिसांत?”

मी म्हणाले, “ताई, ती स्वतःच पोलीस आहे.”

“म्हणून काय झालं?”

या एका प्रश्नावर जगभरच्या प्रेक्षकांचे दोन तट पडले होते, हे मला नंतर कळत गेलं. सागानं केलं ते योग्य की अयोग्य? इतक्या वर्षांनीही ही मालिका पाहिलेली दोन माणसं भेटली, की बोलणं फिरून तिथेच येतं. म्हणून हा लेख. यात सगळे शेवट सांगितले आहेत, कारण ते सांगितल्याशिवाय हा वाद मांडताच येत नाही. मालिका पाहायची इच्छा असेल, तर आधी ती पाहावी आणि मग इथे परत यावं.

दोन देशांच्या मधोमध

ओरेसुंड ही डेन्मार्क आणि स्वीडनमधली सामुद्रधुनी. एका काठावर कोपनहेगन, दुसऱ्या काठावर माल्मो. १ जुलै २००० रोजी दोन्ही देशांच्या राजघराण्यांच्या उपस्थितीत तिच्यावरचा पूल वाहतुकीला खुला झाला. पुलाची लांबी जवळजवळ आठ किलोमीटर. वरून मोटारी, खालच्या मजल्यावरून रेल्वे. डेन्मार्कच्या बाजूला हा रस्ता पेबरहोल्म नावाच्या कृत्रिम बेटावर उतरतो आणि तिथून चार किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो. या पुलामुळे माणसं माल्मोत राहून रोज कोपनहेगनला नोकरीला जाऊ लागली.

लेखक हान्स रोसेनफेल्ट यांनी या पुलावरच मालिकेचा पहिला प्रसंग घडवला. सप्टेंबर २०११ मध्ये तो लोकांनी पाहिला. मध्यरात्री पुलावरचे दिवे अचानक जातात. ते परत येतात तेव्हा सीमारेषेवर बरोब्बर मधोमध एका बाईचं प्रेत पडलेलं असतं, अर्धं स्वीडनमध्ये, अर्धं डेन्मार्कमध्ये. उचलायला जावं तर ते कमरेतून दोन भागांत सुटतं. वरचा भाग माल्मोतल्या राजकारणी बाईचा, खालचा कोपनहेगनच्या एका वेश्येचा. एकीच्या मृत्यूनं शहर हादरतं, दुसरी नाहीशी झाली तेव्हा कोणी फारसं शोधलंही नव्हतं. स्कँडिनेव्हियातल्या गुन्हेकथेची ही जुनी वाट आहे. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं दहा कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हापासून तिकडची गुन्हेकथा खून कोणी केला हे शोधता शोधता समाजाचीही झडती घेत आली आहे.

दोन देशांचं प्रेत, म्हणून तपासाला दोन देशांचे पोलीस. मालिकेत प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो आणि समोरच्याला ते कळतं. सीमाभागात वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. निपाणीच्या बाजारात मराठी विचारणा आणि कानडी उत्तर असा सौदा रोज होतो. पण सागा आणि मार्टिन यांच्यात भाषेपेक्षा मोठी दरी स्वभावांची होती.

ही कल्पना पुढे अनेक सीमांवर गेली. २०१३ मध्ये अमेरिकेत ती मेक्सिकोच्या सीमेवरच्या पुलावर रुजली, त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात. मलेशिया आणि सिंगापूर यांच्यामधल्या सीमेवरही ती पोचली.

पहिल्या रात्रीची तक्रार

दुसऱ्या पर्वाचा शेवट समजायचा तर पहिल्या पर्वाच्या पहिल्या रात्रीकडे जावं लागतं. प्रेताभोवती पूल अडवलेला आहे. एक रुग्णवाहिका येते. आत हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण, सोबत त्याची बायको. सागा म्हणते, हे गुन्ह्याचं ठिकाण आहे, इथून जाता येणार नाही. मार्टिन क्षणभर विचार करतो आणि गाडीला वाट करून देतो. सागा त्याला तोंडावर सांगते की मी तुमची तक्रार करणार. या दोघांची ओळखच तक्रारीनं झाली.

सागाची भूमिका सोफिया हेलिन हिनं केली. करड्या-हिरव्या रंगाची जुनी पोर्शे, चामड्याची पँट आणि फोन उचलताच एका दमात येणारं “सागा नूरेन, लेन्सक्रिम, माल्मो”. लेन्सक्रिम म्हणजे जिल्ह्याची गुन्हे शाखा. तिला आडपडदा ठाऊक नाही. विनोद कळत नाहीत, पण सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं हे ती शिकून घेते. नियम लिहिलेला असेल तर तो पाळायचा, आणि जे खरं असेल ते बोलायचं. किम बोद्नियाचा मार्टिन अगदी उलटा. गोडबोल्या, मोठ्या मनाचा, बायकोशी प्रतारणा करून वर माफी मागणारा. वीस भागांत तो तिला जगात वावरायला शिकवतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून कधी थोडं खोटंही बोलावं लागतं, हेही तोच शिकवतो.

पहिला शेवट

पहिल्या पर्वाचा खुनी समाजाची पापं चव्हाट्यावर मांडायचा आव आणतो, पण त्याचं खरं लक्ष्य असतो मार्टिन. येन्स हा एकेकाळचा पोलीस, मार्टिनचा सहकारी. त्याच्या बायकोशी मार्टिनचं प्रकरण होतं. ती आणि त्यांचा मुलगा पुलावरच्या अपघातात गेले. येन्सनं ठरवलेला बदला सरळ होता, मुलाच्या बदल्यात मुलगा. तो मार्टिनच्या ऑगस्टला मारतो आणि मार्टिनसमोर उभा राहतो. आपल्याला मार्टिननं गोळी घालावी, एवढंच त्याला हवं असतं, म्हणजे मार्टिनही खुनी होईल.

तेव्हा सागा आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोलते. ऑगस्ट जिवंत आहे, असं ती मार्टिनला सांगते. कधी खोटं न बोलणाऱ्या बाईचं खोटं ते, मार्टिनला लगेच कळतं. मग दुसरा उपाय उरत नाही, म्हणून ती मार्टिनवरच गोळी झाडते. तो जखमी होतो, येन्स जिवंत पकडला जातो. मित्र खुनी होऊ नये म्हणून जे जे करता येणं शक्य होतं, ते ते तिनं त्या दिवशी केलं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटावर बोलताना हा प्रसंग अनेक जण विसरतात, असं मला वाटतं.

ती रात्र

दुसऱ्या पर्वात तेरा महिने उलटलेले आहेत. मार्टिनचे केस पांढरे झाले आहेत, तो घरातून बाहेर पडून वेगळा राहतो. ऑगस्टचा मृत्यू काही केल्या त्याचा पिच्छा सोडत नाही. तो तुरुंगात जाऊन येन्सला भेटू लागतो, पुन्हा पुन्हा भेटतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस दुःखातून वाट काढतोय. इकडे सागा एका मित्राबरोबर एका घरात राहायला शिकत असते. बहिणीच्या मृत्यूबद्दल, आजवर कोणाला न सांगितलेलं, ती मार्टिनपाशी बोलते.

आणि शेवटच्या भागात येन्स तुरुंगात विषानं मेलेला सापडतो. वरवर आत्महत्या. सागा विचार करते, जुळवते, आणि सगळ्या खुणा मार्टिनकडे वळतात. ही गोष्ट फक्त तिच्या लक्षात आली आहे. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. जगातून एक खुनी गेला, एका बापाला शांती मिळाली, एवढंच राहिलं असतं.

सागा गप्प बसली नाही. तक्रार करताना ती दगडासारखी कोरडीही राहिली नाही. तिचा चेहरा ज्यांनी नीट पाहिला, त्यांना हे सांगावं लागत नाही.

ज्याचं त्याचं मत

मी या भागाबद्दल बऱ्याच जणांशी बोलले. काही जण ओळखीचे, काही ओळखीच्यांच्या ओळखीचे. सगळ्यांची मतं एकत्र ठेवली तर चार घोळके दिसतात.

पहिला घोळका ताईचा आणि तोच सर्वांत मोठा. मित्राला माफ करणं ज्याला येत नाही, त्याला मैत्री कळलीच नाही. मार्टिननं तिच्यासाठी काय केलं नाही? तिच्या वागण्यावर सगळे हसत, तेव्हा तो तिच्या बाजूनं उभा राहिला. आणि मेला तो कोण, तर येन्स. त्याच्यासाठी कोण रडणार आहे?

दुसरा घोळका कायद्याचा. साताऱ्यातच राहणारे एक निवृत्त फौजदार आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती, मी त्यांना शेवट सांगितला. त्यांनी एकच गोष्ट विचारली, “मेला तो तुरुंगात होता ना?” हो म्हटल्यावर म्हणाले, “मग तो सरकारच्या ताब्यात होता. ताब्यातल्या माणसाला मारणं हा वर्दीचा गुन्हा. आणि ठाऊक असून गप्प बसणारा पोलीस म्हणजे दुसरा आरोपी.” यापुढे त्यांना बोलायचं नव्हतं.

तिसरं मत अधिक खोलातलं आहे. ते असं, की शेवटी जिंकला येन्स. मार्टिनला खुनी करायचं हा त्याचा हेतू होता. पहिल्या पर्वात सागानं तो हाणून पाडला, दुसऱ्या पर्वात मार्टिननं स्वतःच्या हातानं तो पुरा केला. म्हणजे सागानं उघड केलं ते केवळ एका मित्राचं पाप नव्हतं, तर मेलेल्या माणसाचा विजय होता. तो दडवून काही बदलणार नव्हतं.

चौथं मत मला एका मैत्रिणीनं दिलं. तिचा मुलगा स्वमग्न आहे. मालिकेत सागाच्या वागण्याला कुठेही वैद्यकीय नाव दिलेलं नाही, पण जगभरातल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी तिच्यात स्वतःला पाहिलं. सागा यंत्रासारखी आहे, म्हणून तिनं मित्राला पकडून दिलं, असं कोणी म्हटलं की माझी मैत्रीण चिडते. तिचा मुलगा सहावीत असताना वर्गातली काच फुटली. कोणी फोडली असं बाईंनी विचारलं. काच फोडणारा त्याचा एकुलता एक मित्र होता, आणि यानं त्याचं नाव सांगितलं. सगळ्या वर्गानं त्याला चुगलखोर ठरवलं. तो दोन दिवस जेवला नाही. मैत्रीण म्हणाली, “अगं, त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. खोटं बोलून वाईट वाटणं टाळायचं असतं, हे त्याला येत नव्हतं एवढंच. दुःख त्यालाही आपल्याइतकंच झालं, पळवाट मात्र आपल्यालाच ठाऊक.”

हे ऐकल्यावर मी तो भाग पुन्हा पाहिला. सागाच्या चेहऱ्यावर निर्णयाची घालमेल शोधायची म्हणून पाहिला. ती तिथे नाहीच. तिथे आहे ती हानी. काय करायचं हे तिला पहिल्या क्षणीच ठाऊक आहे, आणि त्यात आपण काय गमावणार हेही.

एक वर्ष आधी, एक रविवार

डॅनिश प्रेक्षकांसाठी या शेवटाला आणखी एक पदर होता. बरोबर एक वर्षापूर्वी, २५ नोव्हेंबर २०१२ च्या रविवारी, त्याच डॅनिश वाहिनीवर ‘फोरब्रुडेल्सन’ या मालिकेचा अखेरचा भाग झाला होता. सोरेन स्वाइस्त्रुप यांची ही मालिका, ‘द किलिंग’ या नावानं जगाला माहीत. २००७ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या पर्वात एका तरुण मुलीच्या खुनाचा तपास वीस भाग चालला होता. खुनी कोण हे नटांनाही आधी सांगितलं जात नसे. २०११ मध्ये ती ब्रिटनमध्ये डॅनिश भाषेतच, सबटायटलांसह दाखवली गेली आणि त्याच वर्षी तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला. नायिका सारा लुंड ही सोफी ग्रोबोलनं साकारली. तिचा फॅरो बेटांवरच्या लोकरीचा स्वेटर तिच्या नावाइतकाच प्रसिद्ध झाला.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी लुंडला कळतं, की एका मुलीचा खून करणारा माणूस तिच्या शेजारी मोटारीत बसला आहे आणि पुराव्याअभावी तो सुटणार आहे. ती पिस्तूल काढते आणि त्याला गोळी घालते. मग विमानात बसून देश सोडते. तेव्हाही तट पडले होते. एका गटाला वाटलं, कायद्यानं जमलं नाही ते लुंडनं केलं. दुसऱ्याला वाटलं, जी बाई तीन पर्वं प्रत्येक मृताच्या बाजूनं उभी राहिली, तिच्या हातून असं होणं म्हणजे सगळा तपास वाया गेला.

दोन नोव्हेंबर, दोन उत्तरं. एका वर्षी पोलीस स्वतः न्याय करते आणि निघून जाते. पुढच्या वर्षी पोलीस न्याय करणाऱ्या मित्राला कायद्याच्या हवाली करते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी चित्रपट केला. ओम पुरीचा अनंत वेलणकर शेवटी सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीचा गळा दाबतो. पण तिथून तो पळून जात नाही. पोलीस ठाण्यात जातो आणि स्वतः सांगतो. पहिल्यांदा तो चित्रपट पाहिला तेव्हा मला रामा शेट्टीच्या मरण्यानं बरं वाटलं होतं. आता वाटतं, तेंडुलकरांनी वेलणकरला वाचवलं ते त्या ठाण्याच्या पायऱ्यांवर. खून केल्यावरही तो माणूस म्हणून उभा राहिला, कारण त्यानं आपल्या कृत्याचा भार दुसऱ्या कोणावर टाकला नाही.

मी हे ताईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग मार्टिन का नाही गेला स्वतःहून?”

माझ्या मते या वादाची किल्ली तिथे आहे. आपण सागाला विचारतो, मैत्री का मोडलीस? मार्टिनला कोणी हे विचारत नाही. जी बाई कधी खोटं बोलू शकत नाही, तिला त्यानं अशा जागी आणून सोडलं, की एकतर ती मित्र गमावणार, नाहीतर स्वतःला. तो स्वतः गेला असता, तर सागाला तक्रार करावी लागली नसती. मैत्रीत खरी प्रतारणा त्याच्या त्या मौनानं झाली.

रामशास्त्र्यांचं गाव

ताईच्या घरापासून क्षेत्र माहुली जवळ आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं हे गाव, रामशास्त्री प्रभुण्यांचं. त्यांची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, त्यांच्यासमोर देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. आपण त्या शास्त्र्यांना आजही पुजतो. कोणी म्हणत नाही की ज्यांची चाकरी केली त्यांच्यावरच ते उलटले.

मग सागावर राग का? कारण राघोबा आपला मित्र नव्हता. सत्तेपुढे ताठ उभा राहणारा न्यायाधीश आपल्याला हवाच असतो. त्याचं कौतुक करताना आपल्या पदरचं काही जात नाही. मालिकेनं मात्र वीस भाग खर्चून मार्टिनला आपल्या घरातला केलं. त्याचं हसणं, त्याच्या चुका, त्याचा गेलेला मुलगा, सगळं आपल्या पोटात शिरलं. आणि मग त्याच्यावर तोच नियम लावला, जो आपण राघोबावर आनंदानं लावतो. तेव्हा ताई म्हणाली, “म्हणून काय झालं?” मीही मनात तेच म्हणत होते.

कायदा परक्यावर लावणं सोपं. आपल्या आवडत्या माणसावर तो लावताना हात थरथरतो, तेव्हा कळतं आपला त्यावर खरोखर विश्वास होता का. सागाचा होता, म्हणून मी तिच्या बाजूची आहे. ताईचं दुःखही मला खोटं वाटत नाही. सागा बरोबर होती आणि तरी तिचं सगळं गेलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नंतर

२०१५ च्या तिसऱ्या पर्वात मार्टिन नाही. तो तुरुंगात आहे, आणि तो तिथे आपल्यामुळे आहे हे ओझं सागा वागवते. मालिकेनं तिच्या निर्णयाची किंमत झाकली नाही. तिचा नवा सहकारी हेन्रिक सब्रो आहे, त्याची स्वतःची बायको आणि मुली हरवलेल्या आहेत. दोन मोडलेली माणसं हळूहळू एकमेकांच्या आधारानं चालू लागतात.

चौथं आणि शेवटचं पर्व २०१८ च्या सुरुवातीला आलं. एकूण ३८ भाग झाले. अगदी शेवटी सागा पोर्शे घेऊन पुलावर येते, मधोमध थांबते आणि आपला पोलिसाचा बिल्ला खाली समुद्रात टाकते. पहिल्या रात्री जिथे ते दुभंगलेलं प्रेत पडलं होतं, तोच पूल. ती परत गाडीत बसते. फोन वाजतो. ती उचलते आणि म्हणते, “सागा नूरेन.” पुढचं लेन्सक्रिम नाही, माल्मो नाही.

त्या रात्री मला मराठीतून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन शब्दांचं नाव ताईला कळलं होतं. तिनं दिवा लावला नाही. अंधारातच म्हणाली, “बरं झालं. आता तिला कोणाची तक्रार करावी लागणार नाही.”